माड तुमचा, काच आमची

कोकणात गडगा हद्दीसाठी असतो, असं तलाठ्याला सांगायचं. खरा उपयोग कोपर टेकायला. आमच्या दापोली तालुक्यातल्या या वाडीत जांभ्याचा गडगा छातीपर्यंत येतो. पलीकडच्याचं बोलणं ऐकू यावं, पण त्याच्या पिशवीत मासळी कुठली ते दिसू नये, एवढ्या बेतानं तो बांधलेला आहे. सुनांचे, सोसायटीच्या कर्जांचे आणि अलीकडे सोलरचे सगळे निकाल याच्यावरच लागतात.

"भावजी, तुमच्या माडानं आमची काच फोडली."

कुंदावहिनी प्रस्तावनेत वेळ घालवत नाहीत.

"कसली काच?"

"वरची. सोलरची. मागच्या आठवड्यात रात्री धाडकन् आवाज झाला. हे म्हणाले मांजर असेल. मी म्हटलं, एवढं मोठं मांजर असेल तर वनखात्याला कळवा. सकाळी स्लॅबवर जाऊन बघते तर पॅनेलच्या पायथ्याशी नारळ, आणि काचेचा नुसता भुगा. एक तुकडा शाबूत नाही, पण एक तुकडा खालीही पडलेला नाही. जाग्यावर सगळं."

"टफन काच असते ती. एका ठिकाणी फुटली की या टोकापासून त्या टोकापर्यंत दाणे होतात. खाली चिकट थर असतो, त्यानं धरून ठेवलंय."

"ते असेल. पण नारळ तुमचाच. आमच्या माडाचे एवढे मोठे होत नाहीत."

ही कबुली वहिनींच्या तोंडून याआधी कधी ऐकली नव्हती, त्यामुळे मी लगेच वाद घातला नाही. माझा माड त्यांच्या स्लॅबकडे झुकलाय हेही खरंच. निसर्ग वादळानं झुकवलाय, मी नाही.

या वादळापासूनच वहिनींच्या डोक्यात सोलर शिरलं. ३ जून २०२०ला ते श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं, आमच्याकडचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे अंधार होता. पुढे २०२४च्या फेब्रुवारीत पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८ हजारांची सबसिडी जाहीर झाली, आणि वहिनींनी नवऱ्याला, म्हणजे नानांना, न विचारता अर्ज भरला. वर ५४० वॉटची सहा पॅनेलं बसली. साधं ऑनग्रिड सोलर असेल तर महावितरणची लाईट गेली की तेही गप्प बसतं, हे त्यांना पहिल्या वादळी रात्री कळलं. त्या रात्री गडग्यावर जे बोलणं झालं ते इथे छापण्यासारखं नाही.

मी आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड शिकवायचो. त्यामुळे वहिनींच्या घरात काहीही बंद पडलं की पहिला संशय माझ्यावर, मग महावितरणवर. या खेपेला तर नारळच माझा.

"पण तुम्ही घाबरू नका," वहिनी म्हणाल्या, "मी उपाय शोधलाय. मोबाईलवर बघितलं. रेझिन येतं, दोन बाटल्यांचं. मिसळायचं, काचेवर ओतायचं, ब्रशनं सारखं करायचं. सुकलं की नव्यासारखं. आमच्या बाबूनं खेडहून आणूनसुद्धा दिलं."

"ओतलंत?"

"तुम्हाला विचारल्याशिवाय? आणि शिवाय नानांचा ब्रश सापडत नाहीये."

मी देवाचे, म्हणजे ब्रशचे, आभार मानले.

"वहिनी, वरची काच नुसती ठेवलेली नसते. काच, तिच्याखाली ईव्हीएचा चिकट पापुद्रा, मग सेल, परत ईव्हीए, आणि मागे प्लॅस्टिकचा पडदा. हे सगळं कारखान्यात निर्वात यंत्रात घालून दीडशे अंशांच्या आसपास तापवतात आणि दाबून एकजीव करतात. सेलची जाडी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाहून कमी. काच त्या सेलला कायमची चिकटलेली."

"म्हणजे पातोळ्याच्या पानासारखी सोलून नवी लावता येणार नाही?"

"पातोळ्याचं पान सुटतं. हे सोलायला गेलात तर सारणच पानाबरोबर येईल. जपानात तापवलेल्या पात्यानं काच वेगळी करायची यंत्रं आहेत, पण ती भंगारात निघालेल्या पॅनेलांसाठी. काच काढून परत वापरायची, सेलही परत वापरायचे, असं घरी कुणाला जमलेलं नाही."

"मग तीवरच दुसरी काच ठेवली तर? आमच्याकडे शोकेसची आहे जुनी."

हाही प्रश्न लोक नेहमी विचारतात, आणि दिसायला तो शहाणपणाचा आहे. साध्या काचेच्या दोन्ही बाजूंनी थोडा थोडा उजेड परततो, मिळून आठेक टक्के तिथंच गेले. दोन काचांच्या फटीत कोकणातली हवा म्हणजे पाणीच. आणि मधे कोंडलेल्या हवेनं पॅनेल जास्त तापणार. पॅनेल तापलं की वीज कमी देतं. एवढं करून आतली भेग तशीच. हे सांगेपर्यंत वहिनींनी शोकेसची काच मनातल्या मनात परत शोकेसला लावली होती.

"पण भावजी, एक सांगा. मोडलंय तर मग चालतंय कसं? आजसुद्धा ॲपवर दुपारपर्यंत रोजच्याइतकी युनिटं. नाना म्हणतात, चालतंय तर हात लावू नका. आणि ज्यांनी बसवलं त्यांना फोन केला, तो पोरगाही तेच म्हणाला. युनिट येतायत ना काकू, मग राहू दे."

इथं मला नानांचा आणि त्या पोराचा एकत्र राग आला. मोडकं पॅनेल बंद पडलं असतं तर सोपं होतं. कुणीही उतरवलं असतं. ते चालत राहतं, हीच त्याची लबाडी. उजेड दाण्यांमधून आत जातो, सेल बरेचसे शाबूत असतात, वीज होत राहते. पहिल्या आठवड्यात ॲप बघून काही कळणार नाही. खरी गंमत पाऊस पडल्यावर.

"परवा वळीव झाला," मी म्हटलं. "दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचा इन्व्हर्टर कसा होता?"

वहिनी थांबल्या. "लाल दिवा होता हो. दहापर्यंत. मग आपोआप हिरवा झाला. मला वाटलं, ढग होते म्हणून."

"ढगांनी लाल होत नाही. काय लिहून आलं होतं?"

"आयसोलेशन की काय ते. आमच्या नातीनं वाचलं."

"तेच. काचेतून पाणी आत गेलं. सेलमधली वीज ओलाव्यातून ॲल्युमिनियमच्या चौकटीकडे झिरपायला लागली. इन्व्हर्टर सकाळी चालू होण्याआधी हेच तपासतो, आणि गळती दिसली की बसून राहतो. ऊन आलं, वाळलं, की चालू. जूनमध्ये वाळायचं कधी?"

मृग तोंडावर आलेला. वहिनींनी आकाशाकडे बघितलं, मग स्लॅबकडे.

"झटका बसेल?"

"सहा पॅनेलं एकामागोमाग जोडलेली आहेत. भर उन्हात मिळून अडीचशे व्होल्ट, उघड्या टोकांना तीनशेच्या जवळ. आणि हा डीसी. घरातला एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी पडली तरी विझायला संधी असते. डीसी शून्यावर येतच नाही. ठिणगीनं जाळ धरला की धरला. बटण बंद केलं म्हणून पॅनेल थांबत नाही, सूर्य आहे तोवर त्यात वीज आहेच. चौकटीला अर्थिंग धड असेल तर ठीक, पण ते धड आहे की नाही हे तुमच्या ओल्या हातानं तपासायचं नाही. बरं, तुम्ही वर साठं कुठे घालता?"

प्रश्न अडचणीचा होता. आंब्याची साठं वाळत घालायला पॅनेलासारखी जागा नाही, हा शोध आमच्या वाडीत एकीनं लावला आणि बाकीच्या बोलल्या नाहीत, पण ताटं वर गेली.

"कडेला," वहिनी म्हणाल्या.

"कुठल्या कडेला?"

"पॅनेलाच्या कडेला."

"पॅनेलावर की पॅनेलाबाहेर?"

"थोडं वर. थोडंच. तुम्हाला साठ हवं असतं तेव्हा नाही विचारत कुठं वाळलं!"

हे खरं. तरी सांगितलं. ताटाची सावली ज्या सेलवर पडते तो सेल वीज करायची सोडून बाकीच्यांची वीज खातो आणि तापतो. मागच्या डब्यात बायपास डायोड असतात, बहुतेक तीन, ते वाट काढून देतात. पण आतून तडकलेल्या सेलला रोजचीच सावली असल्यासारखं असतं. तो तापत राहतो, तिथं तपकिरी डाग पडतो आणि मागचा पडदाही करपू शकतो. शिवाय फुटक्या काचेवर साठ घालणाऱ्या घरचं साठ मी खाणार नाही, हेही सांगून टाकलं.

"दिगूनं केलंय की पण रेझिन!" वहिनींनी मोर्चा वळवला. "गोठ्यावरची त्याची प्लेट माकडानं फोडली होती. पारदर्शक पॉलीयुरेथेनचा हात दिला त्यानं, वर्षभर दिवा लागतोय."

"दिगूचं बरोबर आहे. त्याची एकच प्लेट, बारा व्होल्टची, गोठ्यातल्या एका दिव्यापुरती. पाणी गेलं तर दिवा जाईल, म्हैस नाही. तिथं रोगण मारा, चिकटपट्टी लावा, चार पावसाळे निघाले तर फायदाच. तुमचं आणि दिगूचं काम दिसायला सारखं, आतून वेगळं."

"आणि तो मुंबईहून परत आलेला? वरच्या आळीतला? त्यानं तर सहा प्लेटांत केलंय."

"त्याच्याकडे जाऊन बघा. पहिले महिनाभर तो सगळ्यांना दाखवत होता. एपॉक्सी उन्हात पिवळं पडतं, त्याचंही पडलं. उजेड अडतो. काच उन्हात फुगते त्या मापानं एपॉक्सी फुगत नाही, मग परत बारीक भेगा. आता सकाळी त्याचा इन्व्हर्टर बसलेला असतो आणि तो ग्रिडला शिव्या देतो."

वहिनींना याचा इतका आनंद झाला की क्षणभर स्वतःचं पॅनेल विसरल्या. वरच्या आळीतल्या त्या गृहस्थांनी गेल्या गणपतीत आरतीच्या वेळी काही बोलून ठेवलं होतं.

मग तक्रारीचं दुसरं पान निघालं. "पण मला सांगताना तो पोरगा म्हणाला होता, काकू, याच्यावर गारा पडल्या तरी फुटत नाही. आणि एका नारळानं?"

पोरगा खोटं बोलला नव्हता. पॅनेलाची आंतरराष्ट्रीय चाचणी असते. त्यात पंचवीस मिलिमीटरचा बर्फाचा गोळा सेकंदाला २३ मीटर वेगानं अकरा ठिकाणी मारतात. ताशी ऐंशी किलोमीटरच्या वर झालं. पण असा गोळा साडेसात ग्रॅमचा. आमचा नारळ सोडणासकट दीड किलो, स्लॅबच्या वर आठ मीटरवरून सुटलेला. मी मनात गुणाकार केला, आघात पन्नासपटीहून जास्त. आयटीआयच्या पोरांना हे उदाहरण घालायला हवं होतं. मोठ्या गाराही काही कमी नाहीत. ह्यूस्टनजवळ २०२४च्या मार्चमध्ये एका सोलर फार्मची हजारो पॅनेलं गारांनी फोडली. आपल्याकडे २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा-विदर्भात गारपीट झाली, तेव्हा शेतात सोलर फारसं नव्हतं. आता पंपापंपावर आहे.

"म्हणजे कंपनी बदलून देणार नाही?"

"हमी असते ती बनावटीतल्या दोषाची, दहा-बारा वर्षं, आणि पंचवीस वर्षं वीज ठराविक टक्क्यांखाली येणार नाही याची. बाहेरून काही आपटून फुटलं तर ते त्यात बसत नाही. घराचा विमा काढलाय?"

"नानांनी एलआयसी काढलीय."

"ती नानांची झाली."

"मग बसवणाऱ्याची पाच वर्षांची देखभाल आहे ना?"

"आहे, आणि तीच वापरा. त्याला सांगा, इन्व्हर्टरचा आयसोलेशनचा फोटो पाठवतेय, येऊन पॅनेल उतरव. युनिट येतायत म्हणून सोडून द्यायचं असेल तर तसं लिहून दे, म्हणावं. लिहून मागितलं की माणसं येतात."

वहिनींना हे एकदम पटलं. पुढचं पटवणं कठीण होतं, कारण मला पॅनेल आजच उतरवायला हवं होतं आणि नवं लगेच घ्यायला नको होतं.

माझा हिशेब असा. सहातलं एक काढायचं आणि उरलेली पाच सलग जोडायची. सहाचे अडीचशे व्होल्ट, पाचाचे दोनशेच्या आसपास, तीन किलोवॅटच्या बहुतेक इन्व्हर्टरना तेवढे पुरतात. त्याच्या पाटीवरचा आकडा आधी बघून घ्यायचा. स्वच्छ उन्हाच्या दिवशी बारा युनिटं होत असतील तर दहा होतील. पावसाळ्यात आमच्याकडे तसंही ऊन नसतं, ते दोन युनिट जाऊन जाणार किती? दिवाळीला निवांत नवं घ्यायचं. मोडक्या सहाव्यासाठी सकाळ सकाळ सगळंच बंद ठेवण्यापेक्षा धडकी पाच बरी.

उतरवायचं कामही गड्यानं करायचं नाही. साडेसात फूट लांब, अठ्ठावीस किलोच्या आसपास वजन, आणि वाकलं की दाणे सुटणार. आधी एसीचा स्विच, मग डीसीचा आयसोलेटर, आणि करंट चालू असताना जोड ओढायचा नाही. तांबडं फुटायच्या आत किंवा दिवेलागणीला, वर जाड कापड टाकून, हातमोजे घालून. बसवणाऱ्याच्याच माणसांनी.

"आणि नवं घ्यायला एवढा उशीर कशाला? बाबू म्हणतो खेडला ३३०चं स्वस्त आहे. जागा भरेल."

"जागा भरेल, बाकी काही नाही. एकामागोमाग जोडलेल्या पॅनेलांतून एकच करंट वाहतो. तुमच्या ५४०चा तेरा अँपिअर, त्या जुन्या ३३०चा नऊच्या आत. ते एक मधे घातलं तर पाचही जणांना मागे ओढेल, नाहीतर डायोड त्याला बाजूला टाकतील आणि ते नुसतं ऊन खात बसेल. करंट तेवढाच किंवा थोडा जास्त चालेल, कमी नको. चौकटीची उंची जुळली पाहिजे, नाहीतर क्लॅम्प बसणार नाहीत. जोडाचे दोन्ही भाग एकाच बनावटीचे हवेत. सबसिडी घेतलीत ती देशी सेलच्या पॅनेलावर, तेव्हा बदलीही तसलंच घ्या. हे सगळं जुळवायला वेळ लागतो. दोन वर्षांत तेच मॉडेल बाजारातून गेलेलं असतं."

"मग विकताना सांगायला काय होतं, एक जादा घेऊन ठेवा म्हणून?"

वहिनींचा हा प्रश्न मी त्या पोरालाच विचारणार आहे. कौलं घालताना आपण शंभरेक जादा माळ्यावर टाकतोच ना? माडाखाली, माकडांच्या वाटेवर किंवा क्रिकेटच्या मैदानाशेजारी सोलर बसवणाऱ्यानं सातवं पॅनेल घेऊन ठेवावं. माझ्या मते ते रेझिनच्या शंभर बाटल्यांपेक्षा स्वस्त पडतं.

"काहीच म्हणजे काहीच दुरुस्त होत नाही का हो त्यात?"

"होतं की. मागच्या पडद्याला भेग गेली तर त्यासाठी खास पट्ट्या आणि लेप असतात. डब्यातले डायोड काही पॅनेलांत बदलता येतात. जोड बदलता येतात, अर्थिंग घट्ट करता येतं. फक्त काच नाही."

"आणि उतरवलेलं कुठं टाकू? भंगारवाला येतो शुक्रवारी."

"तो ॲल्युमिनियमची चौकट आणि तांब्याची वायर काढून घेईल, आणि उरलेलं पुलाखाली टाकेल. आतल्या जोडपट्ट्यांना बहुधा शिशाचा डाख असतो, ते शिसं पऱ्ह्यात जायला नको. २०२३च्या एप्रिलपासून सोलर पॅनेलं ई-कचऱ्याच्या नियमात आली आहेत, ती कंपनीच्या गळ्यात घालता येतात. नवं घेतानाच सांगायचं, जुनं परत घेऊन जा. तोवर पडवीत उपडं ठेवा, काच जमिनीकडे, ताडपत्रीत गुंडाळून. पोरांना लांब ठेवा. उजेड नाही तर वीज नाही."

आता खरा विषय उरला होता. वहिनींनी पदर खोचला.

"नव्या पॅनेलाचे अर्धे तुम्ही."

"अर्धे कसे? वाऱ्यानं पाडला."

"वाऱ्यानं पाडला, पण माड कुणाचा? दोन महिने सांगतेय, पाडेली बोलवा, नारळ सुकलेत."

"पाडेली मिळतो का? एक होता तो पुण्याला गेला, दुसरा चढताना भाव वाढवतो."

"भाव वाढवला तरी पॅनेलापेक्षा कमी. माडाचा शेंडा उतरवा म्हणत नाही मी. फळता माड कोण मारतो? पण पेंडीखाली जाळी बांधा, हॉटेलवाले बांधतात तशी. पाडेलीचे पैसे तुमचे, जाळीचे आमचे. पॅनेलाचा तिसरा हिस्सा तुम्ही द्या. आणि गणपतीपर्यंत त्या माडाचे नारळ आमचे."

"आत्ताच म्हणालात तो माझाच दोष म्हणून, आता नारळ तुमचे?"

"दोष तुमचा, नारळ आमचे. नुकसानभरपाई म्हणतात त्याला."

आयटीआयमध्ये एवढा हिशेब मला कुणी शिकवला नव्हता. मी मान्य केलं, कारण पाऊस यायच्या आत पाडेली शोधायचा होता आणि वहिनींच्या माहेरचा एक अजून चढतो, असं ऐकून होतो.

"आणि त्या रेझिनच्या दोन बाटल्या?" जाता जाता त्या म्हणाल्या. "दुकानदार परत घेत नाही."

"नानांचं टेबल तडकलंय ना? घरात ऊन लागत नाही, पिवळं पडणार नाही. तिथं ओता."

पडवीतून नानांचा आवाज आला, "टेबल चालतंय माझं! हात लावू नका!"